सोडियमची बॅटरी: डीलरशिप घ्यावी का? जाणकारांनी सांगावं

विट्याचा इन्व्हर्टरवाला

नमस्कार मंडळी. विट्यात माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे पोल्ट्रीवाले, द्राक्षबागायतदार, दोन-चार दवाखाने आणि लग्नसराईत मंगल कार्यालयं. माल बहुतेक ट्युब्युलरच, म्हणजे शिसं-ॲसिडची बॅटरीच जाते. लिथियमचं, म्हणजे एलएफपीचं (लिथियम आयर्न फॉस्फेट), अलीकडे लोक विचारतात, पण भाव सांगितला की चहा संपवून "बघतो, कळवतो" म्हणत उठतात.

आता एका नव्या कंपनीचा माणूस मागे लागलाय. सोडियम-आयन बॅटरी. माहितीपत्रकावर समुद्राचा फोटो आणि खाली "मिठापासून वीज". त्याचं म्हणणं, मीठ स्वस्त म्हणून बॅटरी लिथियमच्या निम्म्या भावात पडणार, मिठाला आग लागत नाही म्हणून हिलाही लागणार नाही, आणि दहा वर्षं बघायला नको. तालुक्याला एकच डीलर, डिपॉझिट तीन लाख, पहिला माल वेगळा उचलायचा, आणि दसऱ्याच्या आत काय ते ठरवा. भाव विचारला तर आज एलएफपीच्या थोडा वरच आहे. "पुढे उतरणार," म्हणतो.

माझं शिक्षण आयटीआय, वायरमन. शिसं आणि ॲसिड मला कळतं, हे कळत नाही. ही बॅटरी खरी आहे की नुसती हवा? खरी असेल तर आत्ता घ्यावी का?

जाता जाता अजून एक. नेटवर "सोडियम" शोधायला गेलो की अर्धी पानं आजारपणाची येतात, म्हणून आठवलं. आमच्या अण्णांचं (वय ७४) रक्तातलं सोडियम १२७ आलंय. डॉक्टर म्हणाले पाणी कमी प्या, बीपीची गोळी बदलून दिली. चुलतभाऊ म्हणतो सोडियम कमी म्हणजे मीठ कमी, लोणचं-पापड चालू करा. कुणाचं ऐकायचं?

टवाळ पाटील

तीन लाखांत विट्याच्या बाजारात मिठाची किती पोती येतील बघा. दुकानात थप्पी लावा आणि पाटी रंगवा: "कच्ची बॅटरी मिळेल."

कोळसेवाली

पाटील, पाटीची कल्पना त्या कंपनीला कळवू नका, वापरतील.

दादा, मी पुण्यात याच विषयावर पीएचडी करतेय. सोडियम-आयन सेलच्या निगेटिव्ह बाजूला जो कार्बन लागतो तो मी बनवते. उसाची चिपाडं, नारळाच्या करवंट्या, मिळेल ते धुऊन, वाळवून, आर्गॉन वायूत तेराशे अंशांपर्यंत तापवायचं. घरी विचारतात काय करतेस, तर कोळसा करते म्हणते. म्हणून हे नाव.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं. बॅटरी शंभर टक्के खरी आहे. चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीने जुलै २०२१ मध्ये आपला पहिला सोडियम-आयन सेल दाखवला, किलोला १६० वॉट-तासांचा. एप्रिल २०२५ मध्ये १७५ चा जाहीर केला. म्हणजे साध्या एलएफपीच्या जवळ आले. ब्रिटनमधली फॅराडियन ही २०११ सालची कंपनी रिलायन्सने दहा कोटी पौंडांना घेतली, ते २०२१ संपताना जाहीर झालं. पुण्यात केपीआयटी या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये आपलं सोडियम-आयन तंत्रज्ञान पुढे आणलं, त्यात इथल्या आयसर या विज्ञान संस्थेचा हात होता. तेव्हा हवा नाही.

पण "मीठ स्वस्त म्हणून बॅटरी स्वस्त" हे जे तुम्हाला ऐकवलंय ना, त्यावर माझा राग आहे. कारण हिशोब अगदी साधा आहे आणि तो कुणी करत नाही.

एक युनिट वीज साठवणाऱ्या एलएफपी सेलला लिथियम कार्बोनेट लागतं अर्धा किलो, थोडं वरच. २०२२ च्या शेवटी चीनमध्ये त्याचा भाव टनाला सहा लाख युआनच्या घरात गेला होता. म्हणजे युनिटमागे नुसत्या लिथियमचे साधारण साडेतीन हजार रुपये. त्या वेळी सोडियम म्हणजे देवच वाटला सगळ्यांना, कारण त्याला लागतो तो सोडा, कपडे धुण्याच्या सोड्याचाच भाऊ. गुंतवणूक धो धो आली. मग लिथियमच्या खाणी वाढल्या, आणि २०२४ च्या उत्तरार्धात भाव लाखाच्याही खाली आला. तेच साडेतीन हजार पाच-सहाशेवर आले. त्या भावाला सोडियमवाल्यांनी सोडा फुकट मिळवला तरी युनिटमागे वाचणार किती, तर हे पाच-सहाशे. बाकी सेलमध्ये फॉइल आहे, इलेक्ट्रोलाइट आहे, सेपरेटर आहे, डबा आहे, कारखान्याचं वीजबिल आहे. ते सगळं दोघांनाही लागतं. वर सोडियमचा सेल तेवढ्याच विजेला आकाराने मोठा, म्हणजे हे सामान जरा जास्तच लागतं. अमेरिकेतली नॅट्रॉन एनर्जी २०२५ मध्ये बंद पडली, सोडियमच करत होती. तंत्र चालत असूनही कंपनी चालत नाही, असं या धंद्यात होतं.

शिवाय पॉझिटिव्ह बाजूला काय घातलंय ते विचारा. सोडियमचे तीन मुख्य घराणे आहेत. एकात निकेल, लोह, मँगनीज यांचे थर. दुसरं प्रशियन ब्लू, तोच जुना निळा रंग, लोहाचा, खरोखर स्वस्त, पण आत पाणी धरून बसतो आणि ते काढता काढता नाकीनऊ येतात. तिसरं फॉस्फेटवालं, आयुष्य उत्तम, पण त्यातल्या नावाजलेल्या प्रकारात व्हॅनेडियम असतं. म्हणजे नाव सोडियमचं आणि बिल व्हॅनेडियमचं.

आणि निगेटिव्ह बाजू, माझी. लिथियमच्या सेलमध्ये तिथे ग्राफाइट असतं, सोडियम त्यात धड बसत नाही. का बसत नाही याचं उत्तर सगळीकडे एकच छापलेलं दिसेल: सोडियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, मोठा. हे मला आवडत नाही, कारण पोटॅशियम त्याहून मोठा आणि तो ग्राफाइटमध्ये मजेत जातो! खरी अडचण अशी की अल्कली धातूंमध्ये (लिथियम, सोडियम, पोटॅशियम यांचं कुटुंब) सोडियमची ग्राफाइटशी जवळीक सगळ्यात कमी. आत जाऊन राहण्यापेक्षा त्याला आपापसात धातू म्हणून राहणं परवडतं. म्हणून वेडावाकडा कार्बन लागतो, हार्ड कार्बन, ज्याचे थर कितीही तापवलं तरी नीट एकावर एक बसत नाहीत. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात स्टीव्हन्स आणि डान यांनी २००० साली दाखवून दिलं की त्यात सोडियम ग्रॅमला ३०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत मावतं. त्यांनी तो कोळसा ग्लुकोजपासून केला होता. थर कसे पडलेत ते सांगायला त्यांनी चित्र वापरलं पत्त्यांच्या बंगल्याचं, पानं तिरकी टेकलेली आणि मधे पोकळ्या. त्या पोकळ्यांत सोडियम नेमका कसा भरतो यावर आजही परिषदांमध्ये आवाज चढतात.

ग्लुकोजपासून होतो म्हटल्यावर महाराष्ट्रात कुणालाही साखर कारखाना आठवणार. मलाही आठवला. चिपाडं फुकट, पण त्यात सिलिका असते, पोटॅश असतं. आम्लाने धुवा, पाण्याने धुवा, पुन्हा धुवा. ओली चिपाडं ओव्हनमध्ये वाळताना लॅबभर गुऱ्हाळाचा वास सुटतो, तेवढीच काय ती मजा. भट्टीतून निघतो मूळ वजनाचा लहानसा हिस्सा. आणि कोळसा फार सच्छिद्र झाला तर पहिल्याच चार्जिंगला बराच सोडियम त्याच्या पृष्ठभागावर साय धरण्यात खर्ची पडतो, तो परत येत नाही. म्हणून चांगला हार्ड कार्बन आज ग्राफाइटपेक्षा महाग पडतो. फुकटच्या चिपाडांचा!

मग सोडियमचा फायदा काहीच नाही का? आहे, आणि तो माहितीपत्रकावर नसतो. लिथियमच्या सेलमध्ये निगेटिव्ह बाजूची फॉइल तांब्याची लागते, कारण तिथल्या व्होल्टेजला लिथियम ॲल्युमिनियममध्ये मिसळून त्याची वाट लावतं. सोडियम तसं करत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं. तांब्याचा भाव तुम्ही रोज बघता, मी काय सांगू. आणि तांबं नसल्यामुळे सेल अगदी शून्य व्होल्टला उतरवून ठेवता येतो. लिथियमचा तसा ठेवला तर तांबं विरघळतं आणि सेल मरतो. गोडाऊनमध्ये माल पडून राहणाऱ्या माणसाला याची किंमत कळेल. थंडीतही सोडियम उत्तम, सीएटीएल उणे ४० अंशांचे आकडे देते. लडाखला दुकान असतं तर म्हटलं असतं डोळे मिटून घ्या. विट्याला काय उपयोग?

आगीचं: सेलमध्ये मीठही नसतं आणि सोडियम धातूही नसतो. आयन असतात, आणि ते पोहतात ते लिथियमच्या सेलसारख्याच ज्वलनशील द्रवात. काही सोडियम सेल तापल्यावर बरे वागतात हे खरं, पण "आग लागणारच नाही" असं लिहून द्यायला सांगा त्याला.

निवृत्त मास्तर

छान प्रतिसाद. बॅटरीतलं मला कळत नाही, पण सोडियम धातूचा विषय निघाला म्हणून एक भर घालतो. शाळेत आम्ही रॉकेलच्या बाटलीतून तुकडा काढून, वाटाण्याएवढा कापून पाण्यात सोडायचो. कापलेली बाजू चांदीसारखी चमकायची आणि मुलांना "बघा रे" म्हणेपर्यंत काळवंडायची. मग ती गोळी पाण्यावर सूं सूं करत पळायची. स्फोट का होतो, तर हायड्रोजन तयार होतो, उष्णतेने पेटतो, असं मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, पुस्तकातही तेच होतं.

यातला एक प्रश्न तेव्हाही चाणाक्ष पोरं विचारत. हायड्रोजन वायूचा थर मधे आला तर धातू आणि पाणी एकमेकांपासून वेगळे व्हायला हवेत, मग क्रिया विझायच्या ऐवजी भडकते का? याचं उत्तर २०१५ साली प्रागच्या पावेल युंगविर्थ यांच्या गटाने वेगवान कॅमेरा लावून काढलं. सोडियम-पोटॅशियमचं मिश्रण साध्या तापमानाला द्रव असतं, त्याचा थेंब पाण्यात सोडला. थेंब पाण्याला टेकताच पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन पाण्यात निसटतात, मागे उरतो धन भार, आणि धन-धन एकमेकांना असे ढकलतात की मिलिसेकंदाच्या अंशात थेंबातून काटे फुटून बाहेर येतात. त्यामुळे धातूला सतत नवं पाणी मिळत राहतं. हायड्रोजन नंतर पेटतो. याच मंडळींनी पुढे २०२१ मध्ये तशाच थेंबावर निर्वातात पाण्याची वाफ जमवली, तर काही क्षण पाण्याचा पापुद्रा सोनेरी, धातूसारखा झाला. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून सोडियम वेगळा केला, तेव्हापासून लोक तो पाण्यात टाकतायत, आणि दोनशे वर्षांनी कळतंय की पहिल्या क्षणी काय होतं.

विट्याचा इन्व्हर्टरवाला

कोळसेवाली ताई, फॉइलचं आणि शून्य व्होल्टचं लगेच पटलं. पावसाळ्यात माल पडून राहतो, मग एक एक बॅटरी चार्जिंगला लावत बसावं लागतं.

अजून एक विचारतो. कंपनीचा माणूस म्हणतो, इन्व्हर्टर बदलायची गरज नाही, जुन्या ट्युब्युलरच्या जागी हीच जोडा, १२ व्होल्टची आहे. बरोबर आहे का?

कोळसेवाली

इथेच मेख आहे. हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणजे डीलरशिप न घेताही तुम्ही त्या माणसाच्या पुढे आहात.

एलएफपीचा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास जवळजवळ शेवटपर्यंत सपाट चालतो. चार जोडले की १२.८. शिशाच्या बॅटरीशी जुळतं, म्हणून त्याचं बस्तान बसलं. सोडियमच्या थरांवाल्या सेलचं तसं नाही. भरलेला असताना ३.९-४ व्होल्ट, रिकामा होताना १.५ पर्यंत, आणि मधे घसरगुंडी. चार जोडले तर साधारण १६ पासून ६ व्होल्टपर्यंत प्रवास. सरासरी १२ येते, त्यावरच "१२ व्होल्टची" हा शिक्का.

आता तुमचा जुना इन्व्हर्टर आठवा. चार्जिंग १४.४ ला थांबवणार. म्हणजे सेलला ३.६, वरचा भाग भरलाच नाही. आणि १०.५ ला लो बॅटरी म्हणून कोकलणार. म्हणजे सेलला २.६, खाली अजून माल शिल्लक. गिऱ्हाईक शंभर एएचचे (अँपिअर-तासांचे) पैसे देणार, वापरणार त्यातला मधला तुकडा, आणि शिव्या कुणाला देणार? कंपनी राहिली लांब, दुकान तुमचं विट्यात आहे. सोडियमसाठी रुंद व्होल्टेज चालणारा इन्व्हर्टर असला तर प्रश्न मिटतो, पण मग तो बदलायचा खर्च धरा.

त्याच्याकडून डिस्चार्जचा आलेख मागा, व्होल्ट विरुद्ध एएच. आणि "चार हजार सायकल", म्हणजे चार हजार वेळा भरून रिकामी होईल, वगैरे म्हणाला तर एवढंच विचारा: किती अंशांना? २५ अंशांचे आकडे एसी लॅबमधले असतात. तुमच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये मे महिन्यात ४५ असतं. मी स्वतः जे छोटे सेल बांधते, बटणाएवढे, ते ४५ अंशांच्या कपाटात ठेवले की त्यांचा स्वभाव बदलतो. २५ ला गुणी वाटलेला कोळसा तिथे उघडा पडतो.

माझं मत विचाराल तर तीन लाख अडकवू नका. एक बॅटरी रोख विकत घ्या, दुकानात पंखा-ट्यूब लावून उन्हाळाभर चालवा. तालुक्यात एकच डीलर हवाय म्हणणारा दिवाळीनंतरही येईल.

स्टेथोस्कोप

अण्णांबद्दल लिहितो. मी फिजिशियन आहे, पण त्यांना तपासलेलं नाही, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर असावं. १२७ म्हणजे कमीच. पण हा आकडा शरीरात मीठ किती आहे ते सांगत नाही, पाण्याच्या मानाने सोडियम किती ते सांगतो. या वयात तो उतरतो तेव्हा बहुतेकदा पाणी प्रमाणाबाहेर साठलेलं असतं. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे बीपीच्या गोळीतलं लघवी वाढवणारं औषध: क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड. गोळीच्या नावापुढे "एच" किंवा "सीएच" असं शेपूट असलं तर बऱ्याचदा तेच. तुमच्या डॉक्टरांनी गोळी बदलली आणि पाणी मोजून द्यायला सांगितलं, ते मला सुसंगत वाटतं. लोणचं-पापडाने बीपी चढेल, आणि मूळ कारण जिथल्या तिथे.

अण्णा असंबद्ध बोलायला लागले, गुंगीत वाटले, उलट्या झाल्या किंवा फिट आली तर सरळ दवाखान्यात न्या. घरी मिठाचं पाणी पाजू नका. सोडियम फार झपाट्याने वर गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून आम्हीही दिवसाला आठ-दहा मिलिमोलच्या वर जाऊ देत नाही.

चुलतभावाला बीपी असेल तर त्याच्यासाठी: जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे दोन ग्रॅम सोडियम. सैंधव घेऊन काही वाचत नाही, तेही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच. पापडखारातला आणि खाण्याच्या सोड्यातला सोडियम लोक धरतच नाहीत. पोटॅशियम मिसळलेलं मीठ हा एक खरा पर्याय आहे. उत्तर चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर जवळपास पाच वर्षं अभ्यास झाला, तीन भाग साधं मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड. पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांतलं काही चालू असेल तर विचारल्याशिवाय नको. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

विट्याचा इन्व्हर्टरवाला

डॉक्टर, आत्ताच जुन्या गोळ्यांची पाकिटं बघितली. "सीएच" आहे. नवीन गोळीत नाही. पुढच्या आठवड्यात परत रक्त तपासायला सांगितलंय. चुलतभावाला हा धागा पाठवतोय.

ताई, त्या माणसाला फोन केला. ४५ अंशांचं विचारलं तर म्हणाला "साहेबांना विचारून सांगतो", आलेखाचं म्हटलं तर "तो कॉन्फिडेन्शियल असतो." एक बॅटरी रोख मागितली, ती द्यायला मात्र तयार झाला. आली की मीटर लावून व्होल्ट लिहीत जातो, कंपनीचं नाव झाकून इथेच टाकतो.

कोळसेवाली

टाका. एक करा, लोड रोज तोच ठेवा आणि व्होल्टसोबत दुकानातलं तापमानही लिहा. आणि पहिल्या डिस्चार्जला इन्व्हर्टर कितीला बंद पडला ते आठवणीने.